एका दमातली हाक

आमच्या खाणावळीत चिठ्ठ्या नाहीत. गिऱ्हाइकानं काय मागितलं ते कागदावर लिहायचं, तो कागद स्वयंपाकघरात न्यायचा, तिथं तो तेलात पडायचा आणि मग सगळ्यांनी एकमेकांची तोंडं बघायची, असले उद्योग आमच्याकडे कधी झाले नाहीत. आमच्याकडे हाक. वाढणाऱ्यानं टेबलापाशीच उभं राहायचं, तोंड स्वयंपाकघराकडे करायचं आणि त्या टेबलाचं जे काही असेल ते एका दमात सांगून मोकळं व्हायचं. दम संपला की टेबल संपलं. पुन्हा श्वास घेऊन जे बोलाल ते पुढच्या टेबलाचं. चुलीपुढं आमचे हे उभे असतात. त्यांना जगातलं बाकी काही कळो न कळो, दम कुठं तुटला ते बरोबर कळतं. माझं बोलणं ते लग्नापासून अर्धंच ऐकत आलेत. हाक मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत.

पद्धत माझ्या सासूबाईंनी घालून दिलेली. नवी माणसं येताना हसतात. जेवून जाताना कोणी हसत नाही.

माझी सून या हाकेत सगळ्यांच्या वरची. लग्न होऊन आली तेव्हा इतकं हळू बोलायची की समोरच्यानं कान पुढं करावा. मग एकदा लांब्या आजारी पडला. लांब्या म्हणजे आमचा जुना वाढपी, दाराच्या चौकटीला डोकं आपटूनच आत येतो. माणूस कमी पडलं म्हणून हिला टेबलापाशी उभं केलं. हिनं बाह्या सरसावल्या, तोंड उघडलं आणि भरलेल्या मोठ्या टेबलाचं सगळं, सुपापासून कॉफीपर्यंत, कोणाच्या माशावर लिंबू नको आणि कोणाचा पाव जरा करपलेला हवा यासकट, एका दमात आत पाठवलं. शेवटच्या शब्दाला आवाज असा वर नेला की रस्त्यावर झोपलेला कुत्रा उठून बसला. आमचे हे झारा हातात घेऊन बाहेर बघायला आले. त्या दिवसापासून तिचं नाव तुतारी. मी कोणाचं तोंडावर कौतुक करत नाही, त्यानं माणसं बिघडतात. पण त्या दिवशी तिच्या ताटात मी माशाचा मधला तुकडा वाढला. समजणाऱ्याला समजतं.

आणि आतली खोली तिच्याकडे दिली. आमच्याकडे आतली खोली म्हणजे मान. बाहेरच्या दालनात कोणीही वाढावं. आत बसतात ती जुनी माणसं, ज्यांना वाढण्यातली चूक खपत नाही. एक माझे धाकटे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते म्हणून सगळी गल्ली त्यांना भाऊजी म्हणते. दुसरे निवृत्त वकील, जे मीठ मागतानासुद्धा आधी बाजू मांडतात. तिसरा समोरचा शिंपी, जो जेवता जेवता दुसऱ्याच्या खांद्याचं माप डोळ्यांनी घेत असतो. तिघं दुपारी येतात, पत्ते मांडतात आणि ओढतात. भाऊजी आणि शिंपी सिगारेट, वकील चिरूट. दार लोटून घेतलेलं, कारण बाहेरच्या गिऱ्हाइकांना त्रास नको. गिऱ्हाइकांची इतकी काळजी घेणारी माणसं आम्ही. आत धूर असा असायचा की तुतारी ताटं घेऊन गेली की आधी ती दिसेनाशी व्हायची आणि मग ताटं.

आधी ती नुसती खाकरायची. मग खोकायला लागली. थंडी आहे म्हणून असेल म्हणावं, तर थंडी गेली आणि खोकला राहिला.

दम पहिल्यांदा तुटला तो शिंप्याचे मेहुणे जेवायला आले तेव्हा. खोलीच्या दारात उभी राहून तिनं हाक टाकली, "आतलं मोठं टेबल, तीन सूप, दोन मासे, एक पाव बिनलोण्याचा," आणि खोकला. मग श्वास घेऊन, "पाच बटाटे, दोन ऑम्लेट, एक भात." आमच्या ह्यांच्या हिशेबी ते पुढचं टेबल झालं, म्हणजे खिडकीतलं. खिडकीत एक तरुण आणि एक तरुणी दोन कॉफ्या घेऊन केव्हाची बसली होती. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि जीभ उचलत नव्हती. त्यांच्यापुढं पाच बश्या बटाटे, दोन ऑम्लेट आणि भाताचं परातीएवढं ताट येऊन पडलं.

ती म्हणाली, "एवढं खाणाऱ्या माणसाशी मी लग्न करीन असं वाटतं तुला?"

तो म्हणाला, "म्हणजे लग्नाचा विचार तू केलायस?"

त्यांचं जमलं. शिंप्याचे मेहुणे मात्र पाव चघळत बसले, आणि शिंप्याच्या बायकोनं त्याला पुढं आठवडाभर तेच ऐकवलं.

एकदा झालं तर गंमत. पण मग रोज व्हायला लागलं. एका टेबलाची दोन, दोनाची तीन. चमच्याची वाट बघणाऱ्यापुढं कोंबडी आणि कोंबडीची वाट बघणाऱ्यापुढं चमचा. लांब्या एकदा बोलून गेला, "तुतारीत फुंकर कमी पडतेय." तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो नीट वाकून दारातून गेला, डोकं न आपटता.

माझा लेक, म्हणजे तिचा नवरा, बाजारहाट बघतो. तो एका दुपारी गल्ल्यापाशी येऊन उभा राहिला.

"आई, हिला बसून करायचं काम दे. गल्ल्यावर बसव."

"आणि मी कुठं बसू? छपरावर?"

"तू आराम कर."

"आराम मी मेल्यावर करणार आहे. तेव्हा भरपूर वेळ मिळेल म्हणतात."

तुतारी मागंच उभी होती. "मला गल्ल्यावर बसायचं नाहीये," ती म्हणाली. "मला उभं राहून काम करायचंय."

"जिना चढलीस की धापा टाकतेस," लेक म्हणाला.

"जिना उंच आहे."

"जिना होता तेवढाच आहे. हे बघ, मला तुझ्या तब्येतीशी खेळ नको. या महिन्याअखेर वाढणं बंद. घरी बस."

लेक वाईट नाही. घाबरलेला होता, आणि आमच्या घरातले पुरुष घाबरले की हुकूम सोडतात. तुतारी उलट बोलली नाही. बोलायला दम लागतो.

जरा वेळानं मी मागच्या अंगणात गेले तर ती धुतलेल्या पातेल्यांच्या राशीपाशी उकिडवी बसली होती. सगळ्यात मोठं पातेलं समोर घेऊन, त्यात तोंड घालून हाक मारून बघत होती, म्हणजे कोणाला ऐकू जाऊ नये. तीन सूप, दोन मासे, एक पाव, इथवर आलं आणि खोकल्यानं पातेलं घुमलं. मला बघून तिनं पातेलं पालथं घातलं, जसं काही तेच करत होती.

"आई, मला घरी बसवू नका," ती म्हणाली. "घरात बसून मी काय करू? घरात हाक कोणाला मारू?"

मी म्हटलं, "ऊठ. आधी तोंडाला लागलेलं पाणी पूस. आपण डॉक्टरकडे चाललोय."

लेकही बरोबर आला. डॉक्टरीणबाई त्याच्याहून लहान दिसत होत्या. त्यांनी तुतारीला नळीत फुंकर मारायला लावली, छातीला पुढून मागून कान लावला आणि विचारलं, "दिवसाला किती सिगारेटी ओढता?"

मी खुर्चीतून उठलेच. "अहो बाई, आमच्या घरात काडेपेटीसुद्धा फक्त चुलीसाठी असते."

"आजी, मी त्यांना विचारलं."

"आजी कोणाची? अजून मला कोणी आजी केलेलं नाही." हे म्हणताना मी लेकाकडे बघितलं. तो भिंतीवरचं फुफ्फुसाचं चित्र फार मन लावून बघायला लागला.

"मी ओढत नाही," तुतारी म्हणाली.

"घरात कोणी ओढतं?"

"नाही."

"काम कुठं करता?"

तिनं सांगितलं. खोली, दार, पत्ते, दुपारपासून दिवे लागेपर्यंतची ये-जा. डॉक्टरीणबाईंनी नळी खाली ठेवली.

"मग ओढता तुम्ही. दुसऱ्यानं पेटवलेली, एवढाच फरक. तुम्ही ओढत नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या छातीला ते कोण सांगणार? हॉटेलात वाढणारी कितीतरी माणसं अशी येतात माझ्याकडे. आयुष्यात एक झुरका नाही, आणि दमा, छातीत दुखणं. पुढं हृदयाचे विकार होतात, कॅन्सरसुद्धा होतो. तुम्ही लवकर आलात हे बरं केलंत."

"मोठा पंखा लावते," मी म्हटलं.

"पंख्यानं धूर फिरतो. जात नाही."

"खिडकी मोठी करून घेते."

"थोडा कमी होईल. थोडा धूर चालतो असं काही नसतं."

"दार लोटलेलंच असतं आमचं."

"म्हणजे सगळा आत राहतो. तिच्यासाठी."

मला गप्प करणारं माणूस फार दिवसांनी भेटलं. मला ती बाई आवडली.

लेकानं विचारलं, "मग हिला काम सोडायला सांगू ना?"

"कामानं काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "धुरानं झालंय. त्या दोहोंतलं काय सोडायचं ते तुम्ही ठरवा. धुरातून बाहेर आल्या तर छाती हळूहळू सावरेल. किती सावरेल ते बघत राहू."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गल्ल्यावरून उठले. मी उठले की दालनात शांतता होते, कारण मी उगीच उठत नाही. आतल्या खोलीचं दार ढकललं. तिघं पत्त्यांवर वाकलेले.

"भाऊजी, आजपासून या खोलीतल्या ताटांना पाय नाहीत."

"म्हणजे काय, वहिनी?"

"म्हणजे ती चालत येणार नाहीत. या खोलीत धूर आहे तोवर आमचं माणूस आत पाऊल टाकणार नाही. तुतारी नाही, लांब्या नाही, कोणीच नाही." मग मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं.

वकिलांनी चिरूट बाजूला धरला. "मुळात प्रश्न असा आहे, बाईसाहेब, की ओढतो आम्ही. सूनबाई फक्त वाढतात."

"प्रश्न मुळात तुमचा असू दे. खोकला तिचा आहे."

"आधी बोलायचं होतं. खिडकी उघडली असती," शिंपी म्हणाला.

"खिडकीला डॉक्टरांनी नापास केलंय."

"मग आम्ही जेवायचं कसं?" भाऊजी म्हणाले. त्यांचा सगळा जीव त्या प्रश्नात होता.

"घरच्या रीतीनं. दारात उभं राहायचं, स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारायची, आणि ताट आपलं आपण उचलून आणायचं. दम संपला की टेबल संपलं. वाढणाऱ्याला जो नियम तोच तुम्हाला."

वकील हसले. "अहो, मी कोर्टात दुपारभर बोललोय."

"मधे पाणी पीत असाल," मी म्हटलं आणि जाऊन बसले.

त्यानंतरच्या दुपारी आठवल्या की मला अजून एकटीलाच हसू येतं. पहिले उठले वकील. कोट सारखा केला, एक हात मागं घेतला. "आदरणीय आचारी महोदय, प्रस्तुत टेबलाच्या वतीनं, क्रमानं सांगायचं तर, तीन सूप," आणि दम संपला. आतून तीन सूप आली. त्यांनी श्वास घेऊन "तीन मासे" म्हटलं, ते मासे नियमानं पुढच्या टेबलाला गेले. तिथं दोन म्हाताऱ्या बहिणी बसल्या होत्या. त्यांनी देवानं पाठवल्यासारखे ते खाल्ले आणि तिसरा कोणी घ्यायचा यावरून थोड्या भांडल्या.

शिंप्यानं शहाणपणा केला. पुढचं मागचं काही न बोलता सरळ पदार्थच फेकायला लागला. पण आवाज शिट्टीसारखा बारीक होत गेला आणि पावाशी येऊन विझला. त्या दिवशी तिघांनी सूप आणि पाव खाल्ला. दुसऱ्या दिवशी नुसते बटाटे. तिसऱ्या दिवशी वकिलांनी नुसती कॉफी मिळवली आणि सुटाबुटात ती सांडत, पाय फरफटवत खोलीपर्यंत नेली. बाहेरची गिऱ्हाइकं हे बघायला मुद्दाम लवकर यायला लागली. खोलीच्या दाराजवळचं टेबल आधी धरून ठेवायला माणसं निरोप पाठवायची. कोणी टाळ्या वाजवायचं, कोणी "अजून थोडं, अजून थोडं" म्हणून धीर द्यायचं.

मी आमच्या ह्यांना म्हटलं, "भाऊ आहे तुमचा. एखादा मासा जास्त टाका."

ते म्हणाले, "हाकेत नव्हता."

तुतारी आता बाहेरच्या दालनात वाढत होती आणि तोंडावर फडकं धरून हसत होती. पण हसता हसता खोकत होती. दार उघडलं की धूर बाहेर यायचा, आणि आता दार सारखंच उघडत होतं. लेक रोज कॅलेंडरकडे बघायचा. महिना संपत आला होता.

मग एका दुपारी भाऊजी स्वतः उभे राहिले. आतापर्यंत त्यांनी मोठेपणानं हाक मारली नव्हती. वहिनीच्या नियमापुढं वाकायचं कसं. पण भूक वहिनीपेक्षा मोठी. त्यांनी छाती फुगवली. "आतलं टेबल, तीन सूप, दोन मासे, एक पाव," आणि असा खोकला आला की चौकट धरायला लागली. लोक हसले. तेही हसले, डोळे पुसत.

त्याच वेळी दालनाच्या मधोमध तुतारी एका मोठ्या कुटुंबापाशी उभी होती. तिनं तोंड वळवलं आणि हाक टाकली, "मधलं टेबल, तीन सूप, दोन मासे, एक पाव," आणि खोकला. तिथंच. त्याच पावाशी. तिनंही टेबलाची कड धरली.

लोक आता हसले नाहीत. भाऊजी चौकट धरून तिच्याकडे बघत होते. आयुष्यभर ओढलेला माणूस आणि कधी एक झुरका न घेतलेली पोर, दोघांचा दम एकाच ठिकाणी संपला होता, आणि हे दालनातल्या प्रत्येकानं कानांनी ऐकलं होतं.

भाऊजी चालत गल्ल्यापाशी आले. "वहिनी, मी ओढून ओढून इथवर आलो," ते हळू आवाजात म्हणाले. "ही न ओढता इथवर आली?"

"तुमच्या जवळ उभी राहून आली," मी म्हटलं.

भाऊजी तसेच वळले. खोलीत गेले, सगळ्या राखेच्या वाट्या एकीत एक रचून बाहेर घेऊन आले आणि मागच्या फाटकापलीकडे, रस्त्याच्या कडेला, भिंतीवर मांडल्या. "आता आमची खोली ती," त्यांनी वकिलांना आणि शिंप्याला सांगितलं. "ज्याला पेटवायची त्यानं तिथं जायचं. पाऊस असो, ऊन असो." वकील मुळात प्रश्न असा आहे म्हणायला लागले तर भाऊजी म्हणाले, "मुळात तू ऊठ."

लगेच काही आमची खोली पवित्र झाली नाही. सामान हलवल्याबरोबर भिंतींतून, गाद्यांतून, पडद्यांतून जुना वास उठला. मग मी खोली बंद ठेवली आणि सगळ्यांना धुवायला लावलं. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना, फक्त तुतारीला उंबऱ्याआत येऊ दिलं नाही. वकील पँट गुडघ्यापर्यंत दुमडून भिंत घासत होते आणि घासता घासता कोणत्या तरी जुन्या खटल्याची हकिगत सांगत होते. ती ऐकायची कोणाची इच्छा नव्हती, पण हात चालत होते. लांब्याला शिडी लागली नाही. पडदे भिजवले तर पाणी काळ्या चहासारखं झालं. चारदा बदललं तरी चहाच. शेवटी पडदे वाळत घातले आणि शिंपी त्यांच्यापुढं उभा राहिला.

"हे माझे नव्हेत," तो म्हणाला. "मी हिरवे शिवले होते."

"हेच ते हिरवे," मी म्हटलं.

त्यानं टोक उलटून आपली शिवण तपासली. मग म्हणाला, "हे मी आत ओढत होतो होय." त्यानं ओढणं कमी केलंय म्हणतो. बायको म्हणते, बंद केलंय. त्या दोघांचं ते बघून घेतील. लांब्यानंही मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं की त्याचं रोजचं डोकं दुखणं गेलं. इतके दिवस तो समजत होता की चौकटीमुळे दुखतं.

महिना संपला तेव्हा लेक माझ्याकडे आला. मी त्याला म्हटलं, "आता सोडायचं ते सोडलंय. बायकोला विचार, घरी बसतेस का." तो विचारायला गेला आणि लगेच परत आला. "काय म्हणाली?" तर म्हणाला, "तिनं मला बटाटे आणायला पाठवलंय."

तुतारीचा खोकला एका दिवसात पळाला नाही. डॉक्टरीणबाई दर वेळी नळीत फुंकर मारायला लावायच्या आणि थोडं थोडं म्हणायच्या. पण थोडं थोडं खरंच होत होतं. लहान टेबलं एका दमात जायला लागली, मग मधली. आमचे हे काही बोलत नाहीत, पण तिची हाक तुटली नाही की आतून झारा दोनदा कढईवर वाजायचा. कोणाच्या हाकेला तो माझ्या देखत कधी वाजला नव्हता.

आणि मग परवाची गोष्ट. आतली खोली धुऊन, रंगवून, हिरव्या पडद्यांसकट उघडायची होती. मी म्हटलं, पुन्हा जुनी माणसं बसतील, मानाची खोली आहे. तुतारी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी, हातात बश्यांचा उंच ढीग, आणि म्हणाली, "नाही आई, तिथं लेकुरवाळी माणसं बसतील." मी म्हटलं, तुझं काय जातं बोलायला. आणि मी जिना चढायला लागले, कारण भांडणातून निघून जायचं असलं की मी वर जाते. इतके महिने ती एक वाक्य बोलायची, धाप लागायची आणि भांडण माझं व्हायचं.

ती बश्यांसकट मागं आली. दुसऱ्या पायरीवर म्हणाली की लहान मुलं दालनात टेबलांखाली शिरतात. मधल्या वळणावर म्हणाली की म्हाताऱ्यांना खिडकीजवळचा उजेड बरा. त्याच्या वर म्हणाली की मान खोलीला नसतो, वाढणाऱ्याला असतो, आणि वाढणारी मी आहे. शेवटच्या पायरीवर पोचलो तेव्हा ती बोलतच होती, मी मात्र कठडा धरून उभी होते. बश्या वाजल्यासुद्धा नाहीत. मी वळून बघितलं. तोंड लाल झालेलं, डोळे लकाकणारे, आणि धाप कुठंच नाही. एवढं अखंड, एवढं सुंदर भांडण माझ्याशी या घरात कोणी केलं नव्हतं.

"झालं बोलून?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "अजून आहे."

"मग बश्या खाली ठेव आणि बोल," मी म्हटलं, आणि वरच्या पायरीवर ऐकायला बसले.

खोलीत आता लेकुरवाळी माणसं बसतात. मी हरले असं कोणाला वाटत असेल तर त्यानं माझ्या समोर येऊन म्हणावं.